मागण्याचं काम घेतेयस ना, मग ऐक

अगं, सगळ्यात आधी काकूंचं बोलणं मनातून काढून टाक. ‘बँकेतली चांगली नोकरी सोडून लोकांपुढे हात पसरायचे?’ हे वाक्य निधी संकलनाच्या कामात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने आपापल्या घरी ऐकलेलं असतं. काकूंचा राग तुझ्यावर नाही बघ. त्यांना काळजी आहे ती पगाराची आणि चारचौघांत काय सांगायचं याची. पगाराचं आपण नंतर बोलू. चारचौघांत काय सांगायचं, ते मात्र मी तुला आत्ताच देते.

काकूंना पार्वतीबाई आठवल्यांबद्दल सांग. देवरुखची मुलगी, बाया कर्व्यांची बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे पार्वतीबाई त्याच्या वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जेमतेम इंग्रजीच्या बळावर ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, भाषा शिकली, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० मध्ये परतली. त्याच वर्षी विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं आणि ते आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. पार्वतीबाईंचं नाव तेवढं घेतलं जात नाही. पण मोठा दाता पुढे यावा इतका एखाद्या कामाचा लौकिक होतो, तो दारोदार जाऊन ते काम समजावून सांगणाऱ्या माणसांमुळे, असं मला अगदी मनापासून वाटतं. कर्वेनगरला आज हजारो मुली शिकताहेत. त्यांच्या पायाशी कुणीतरी केलेलं हे मागण्याचं काम आहे, एवढं काकूंना सांगितलंस तरी पुरे.

आता तुझी दुसरी भीती. ‘माझं शिक्षण या विषयातलं नाही.’ खरं सांगू का, कुणाचंच नसतं. मोठेपणी निधी संकलन करीन, असं शाळेत निबंधात लिहिणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेतून किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेतून समाजकार्य शिकून येणारे असतात, पण त्यांनाही बहुतेक वेळा वस्तीत, शाळेत, दवाखान्यात काम करायचं असतं. मग संस्थेत कुणीतरी म्हणतं, ‘तू छान लिहितेस, हे प्रपोजल बघ ना जरा,’ आणि ती या टेबलावर येते ती कायमचीच. बाकीचे आम्ही कुठून कुठून आलेलो. कुणी विमा विकत होती, कुणी वर्तमानपत्रात होती, कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा बाहेर पडली. ‘क्राय’ सुरू करणारे रिपन कपूर विमानात पर्सर होते गं! १९७९ मध्ये सहा मित्रांना घेऊन, पन्नास रुपयांवर मुंबईत त्यांनी ती संस्था उभी केली आणि शुभेच्छापत्रं विकून पैसा जमवला. घरोघरी त्या पत्रांचे संच असायचे.

लोक या कामात का येतात, असं तू विचारलंस. त्याग, सेवा असले मोठे शब्द मी वापरणार नाही, कारण त्या शब्दांवर आलेली माणसं लवकर थकलेली मी पाहिली आहेत. जी टिकतात, त्यांना एक विशिष्ट अस्वस्थता असते. एकीकडे काम अडून बसलंय, दुसरीकडे कुणाच्या तरी खात्यात पैसा पडून आहे आणि त्या दोघांची गाठ पडत नाहीये, हे त्यांना बघवत नाही. शिवाय त्यांना माणसं मनापासून आवडतात. समोरच्या आजोबांनी त्यांच्या नोकरीच्या दिवसांतली गोष्ट पुन्हा सांगितली, तरी त्यांना ती ऐकावीशी वाटते. तू बँकेत काउंटरवर बसून पेन्शनर लोकांशी जशी बोलायचीस ना, अगदी तसं. म्हणून तर मी तुला म्हणतेय, की हे काम तुला जमेल. आणि एक साधं, व्यवहारी कारणही असतं, त्याची लाज वाटू देऊ नकोस. टार्गेट तिथेही होतं आणि इथेही असणार आहे, पण इथे टार्गेट गाठलं की वसतिगृहाच्या खोलीवर छप्पर चढतं. ते जाऊन बघता येतं.

देणाऱ्या माणसांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझं निम्मं आयुष्य आता त्यांच्यासोबत जाणार आहे. आपल्याकडे मोठा पैसा कंपन्यांकडून येतो हे खरं, पण संस्थेला जीव असतो तो घरगुती देणगीदारांचा. आपला मराठी मध्यमवर्गीय माणूस कधी देतो, बघ. आईच्या वर्षश्राद्धाला देतो. वडिलांच्या जन्मशताब्दीला देतो. साठीशांतीला ‘आहेर नको’ असं पत्रिकेत छापून ती रक्कम संस्थेला पाठवतो. पितृपक्षात देतो. पुण्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन पितृपक्षातच भरतं, आणि तिथे संस्थांच्या टेबलांपुढे चेकबुक घेऊन उभी राहणारी माणसं एकदा जाऊन बघच. ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो, ‘सर्वकार्येषु सर्वदा’ नावाने, तेव्हा धनादेश पाठवणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, चाळीतल्या आजी असतात. या माणसांना कर वाचवायचा नसतो. नव्या करप्रणालीत तर ८०जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत मिळतही नाही, तरी ती देतातच. त्यांना हवं असतं ते एवढंच, की त्यांच्या माणसाचं नाव नीट लिहिलं जावं. ‘कै.’ लावायचं राहिलं किंवा आडनाव चुकलं, तर ती पावती त्यांच्या घरात बोचत राहते. म्हणून पावतीवरचं नाव तू स्वतः वाचून बघत जा, हे काम कुणावर सोपवू नकोस.

आणि एकदा देणगी आली की लगेच दुसरी मागायला जायचं नाही हं! नातं विरजणासारखं असतं, सारखं हलवून बघितलं की लागत नाही. आधी पोच दे, मग तीनेक महिन्यांनी काय झालं ते कळव, जमलं तर त्यांना काम बघायला बोलाव. मागणं त्यानंतर. पत्र मराठीत लिही, हाताने सही कर. आणि मुलांचे रडवेले फोटो लावून पैसे मागू नकोस, कितीही दबाव आला तरी. ज्या मुलीचा फोटो तू छापशील, ती उद्या मोठी होऊन तो बघणार आहे.

कंपन्यांचं जग वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. आज तुला ज्या जागेची ऑफर आहे, तशा कितीतरी जागा या खर्चामुळे, म्हणजे सीएसआरमुळेच निघाल्या. इथे तुझी बँक कामाला येईल. ताळेबंद वाचता येणं, बजेटच्या ओळी जुळवणं, युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेवर देणं, हे ज्यांना येतं त्यांची संस्थांना फार गरज असते, आणि तुला ते झोपेतही येतं. फक्त मार्च महिन्यात घरचं कार्य काढू नकोस. सगळ्या जगाला ३१ मार्चच्या आत पैसे द्यायचे असतात आणि रिपोर्टही तेव्हाच हवे असतात. मुंबईची संस्था असेल तर जानेवारीतली मॅरेथॉनही धर. संस्थेसाठी धावणारे, त्यांच्यासाठी पैसे गोळा करणारे, सगळ्यांची घाई तुझ्या टेबलावर येते. ऑक्टोबरात २ ते ८ दानउत्सव. दिवाळीचा फराळ विकत आणलास तरी कुणी तुला नावं ठेवणार नाही, आणि ठेवली तर मला सांग.

आता पगार. बँकेपेक्षा कमी मिळेल, बहुतेक ठिकाणी बराच कमी. मी गोड बोलून फसवणार नाही तुला. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, मुलाची फी, हे सगळं कागदावर मांड आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. तुझा पगार कुठल्या पैशातून निघणार आहे, हेही विचार. एखाद्या ग्रँटमधून निघत असेल तर ती संपल्यावर काय? विदेशी निधीच्या कायद्यात २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. अनेक देणगीदारांना तर कार्यालयातल्या माणसांच्या पगारावर पैसे खर्च व्हावेत हेच पटत नाही. हे मला फार लागतं गं. हिशेब लिहिणारी, पावती पाठवणारी, देणगीदाराचा फोन उचलणारी बाई पगाराशिवाय कशी जगेल? हा प्रश्न तूही विचारायला शीक, नम्रपणे, पण विचारायचाच.

आणि एक गोष्ट मी तुला करूच देणार नाही. ‘पगार थोडा, पण आणलेल्या देणगीवर टक्केवारी’ असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून उठायचं. जगभरातल्या या व्यवसायातल्या आचारसंहिता टक्केवारीला नाही म्हणतात, त्याला कारण आहे. आजींनी आजोबांच्या नावाने दिलेल्या दहा हजारांतले काही तुझ्या खिशात जातात, हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा दार उघडतील का? आणि तुझी तरी मान वर राहील का?

मुलाखतीला जाशील तेव्हा तूही प्रश्न विचार. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब माग. लाजू नकोस, चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. तुझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं आणि ते का गेलं, हे विचार. अमेरिकेत २०१३ साली याच कामातल्या प्रमुखांचा मोठा अभ्यास झाला, त्यात जवळपास निम्म्या लोकांनी दोन वर्षांत जागा सोडायचा विचार बोलून दाखवला होता. कारण आपल्याकडचंच आहे बघ. विश्वस्तांना वाटतं, माणूस नेमला म्हणजे आपली जबाबदारी संपली, आता पैसे आपोआप येतील. तसं होत नाही. विश्वस्तांनी स्वतः ओळखी करून द्याव्या लागतात, संचालकांना भेटीला यावं लागतं. त्यांची ती तयारी आहे का, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडून ऐक. एखादी देणगी नाकारायची वेळ आली तर निर्णय कोण घेतं, तेही विचार. या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर घरी येऊन नीट विचार कर.

नोकरी घेतलीस, की पहिला महिना ऑफिसात बसायचं नाही. वस्तीत जा, बालवाडीत बस, आरोग्यसेविकेबरोबर चाल. जे डोळ्यांनी बघितलं नाही, ते तुला पटवून सांगता येणार नाही, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. नकार खूप येतील. दहांतले आठ फोनच उचलणार नाहीत, असं धरूनच चाल. तो नकार तुला नसतो. त्या माणसाचा मुलगा आजारी असेल, त्याने याच वर्षी दुसरीकडे दिलं असेल, किंवा त्याला हा विषय जवळचा नसेल. वहीत तारीख टाक, पुढच्या वर्षी पुन्हा फोन कर.

पुढे काय, हेही तुला रात्री छळत असणार, मला माहितेयस ना तू. चार-पाच वर्षं हे काम नीट केलेल्या माणसाला रस्ते बरेच असतात. कुणी कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसतात. कुणी लातूर-सांगलीकडच्या लहान संस्थांना प्रपोजल लिहायला, हिशेब लावायला मदत करत स्वतंत्रपणे काम करतात, आणि त्या कामाची गरज प्रचंड आहे. कुणी संस्थेच्या संचालक होतात, कारण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. बँकेत परत जायचं म्हटलंस तरी दार बंद होत नाही.

तर आता असं कर. त्या संस्थेला आजच मेल पाठव आणि ऑडिटचे हिशेब माग. बायोडेटा मला पाठव, त्यातलं ते ‘समाजसेवेची आवड’ मी काढून टाकणार आहे, त्याऐवजी तू किती खाती सांभाळलीस आणि किती ज्येष्ठ ग्राहक तुझं नाव घेऊन बँकेत यायचे, ते लिही. आणि काकूंना रविवारी माझ्याकडे जेवायला घेऊन ये. पगाराचा कागद बरोबर आण, त्यांच्यासमोरच मांडू.