राक्षसाच्या पायांचे गणित

वाचकहो, राक्षसाची कथा ऐकताना त्याच्या वजनाचा हिशेब सहसा कोणी पुसत नाही. महाभारतकारांस मात्र तो सुचला होता, असे आम्हांस वाटते. द्रोणपर्वात घटोत्कच मरतेसमयी देह वाढवितो आणि निव्वळ आपल्या भाराने कौरवांची अक्षौहिणी चिरडून टाकतो. परंतु एवढ्या भाराचा देह तत्पूर्वी दोन पायांवर उभा तरी कसा राहावा?

याचे मर्म गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे. सोलापूरकरांस ते नंदीध्वजावरून चटकन उमजेल. श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेत तो उंच, जड ध्वज एकच मनुष्य पेलून चालतो. आता काठी व मनुष्य ही दोन्ही लांबी, रुंदी आणि जाडी यांत दुप्पट झाली असे समजू. काठीचे वजन आठपट होईल. पण स्नायूंचे बळ व हाडांची सहनशक्ती आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे चौपटच वाढेल. त्या वीरास स्वतःचा देहच दुप्पट जड व्हावयाचा. मग काठी कोठली उचलणार!

स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरास ज्या महाकाय लोकांत नेऊन सोडले, ते आपल्या बारापट उंच. त्यांचे वजन १,७२८ पट, हाडाचा छेद १४४ पट. म्हणजे हाडावर ताण बारापट. पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२६ साली दाखविले की, दहापट उंचीच्या राक्षसाची मांडी पाऊल टाकताच मोडेल. त्यास जगवावयाचे तर हत्तीसारखे खांबच द्यावे लागतील. मग त्यास मनुष्याकृती कोण म्हणेल? देवमाशाचे बरे, त्याचा भार पाणी तोलते.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट वॅडलो (१९१८–१९४०) हा ८ फूट ११ इंच उंच होता; आपल्या दुप्पटही नव्हे. १९३६ साली तो एका सर्कशीबरोबर हिंडला, तेव्हा त्यास पाहण्यास लोक पैसे देत. पण चालण्यासाठी त्याच्या पायांना धातूचे आधार बांधावे लागत, आणि पायांतील संवेदनाही मंदावली होती. आधार घासून घोट्याजवळ फोड आला, तो चिघळला आणि अवघ्या बावीस वर्षांच्या वयात तो गेला. त्याची शवपेटी नेण्यास बारा खांदेकरी व आठ मदतनीस लागले.