विमानाच्या तिकिटाची किंमत कशी ठरते?

जबलपूरच्या डुमना विमानतळावरून दिल्लीस निघालेल्या विमानात दोन उतारू शेजारी बसलेले असतात. विमान एक, अंतर एक. तथापि एकाने तिकिटास दुसऱ्याच्या दुप्पट पैसे मोजलेले असणे शक्य असते. आगगाडीच्या साध्या डब्याचे भाडे अंतरावर ठरते. मग विमानास हा नियम का लागू पडू नये?

याचे कारण असे की, विमानातील आसन हा नाशवंत माल आहे. उरलेली भाजी संध्याकाळी स्वस्तात तरी विकता येते. परंतु विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाचे मूल्य शून्य होते. उलटपक्षी, वैमानिकांचे वेतन व इंधन यांचा खर्च उतारू दहा असोत वा सत्तर, फारसा बदलत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७० आसनांच्या विमानाच्या एका फेरीस २,८०,००० रुपये खर्च येतो. सर्वांस सारखे भाडे लावल्यास ते ४,००० रुपये पडेल. परंतु ४० जणांची ऐपत २,५०० रुपयांचीच असेल, तर ते येणार नाहीत. उरलेल्या ३० जणांकडून १,२०,००० रुपयेच मिळतील आणि फेरी बंद पडेल. याउलट ४० आसने २,५०० रुपयांस, २० आसने ५,००० रुपयांस व १० आसने ८,००० रुपयांस विकली, तर खर्च नेमका भरून निघतो. म्हणून कंपन्या आसनांचे भाडेवर्ग पाडतात. स्वस्त वर्ग बहुधा आधी विकले जातात व त्यांच्या अटी कडक असतात. महाग वर्ग घाईने निघणाऱ्यांसाठी राखले जातात. मूळ भाड्यात विमानतळाची शुल्के व वस्तू आणि सेवा कर मिळवून तिकिटाची किंमत होते.

या व्यवस्थेत एक कठोरपणाही आहे. आजारी आप्ताकडे अवचित निघालेल्या सामान्य मनुष्यासही घाईचाच दर पडतो. म्हणूनच शासनास कधीकधी मध्ये पडावे लागते. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात, महामारीमुळे, देशांतर्गत भाड्यांस सरकारी मर्यादा होत्या. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. या योजनेत विमानातील सुमारे निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवून येणारी तूट शासकीय साहाय्याने भरून काढली जाते. लहान शहरांची विमानसेवा टिकावयाची, तर फेरीचा खर्च कोणीतरी सोसावा लागतोच. तो कोणी किती सोसावा, हाच भाड्याचा खरा प्रश्न होय.