‘साभार परत’: मराठी मासिके आणि अनिमंत्रित कथा

मराठी कथेच्या जडणघडणीत मासिकांचा वाटा सर्वमान्य आहे. परंतु कथा लेखकाच्या हातून मासिकाच्या पानापर्यंत कोणत्या वाटेने जाई, हा प्रश्न सहसा उपेक्षित राहतो.

लेखाचा विषय संपादकास आधी कळविता येई. कथेचे तसे नव्हते. तिचे संपूर्ण हस्तलिखितच धाडावे लागे. कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य लेखन, आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट. म्हणजे संभाव्य नकाराचा टपालखर्चही लेखकानेच आगाऊ सोसावयाचा! ‘साभार परत’ हे शब्द मराठी लेखकवर्गात विनोदाचा विषय झाले, ते काही केवळ गमतीने नव्हे. दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली; पुढे या अंकांत नामवंतांना निमंत्रणे जाऊ लागली आणि अनाहूत कथेला उरलेल्या पानांवर समाधान मानावे लागले.

‘सत्यकथे’ची रीत निराळी होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांनाही सविस्तर पत्रे लिहीत, कथेतील सैल जागा दाखवीत, पुनर्लेखन सुचवीत. इंदूर किंवा बडोद्यास बसून लिहिणाऱ्या, मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळाशी परिचय नसलेल्या लेखकास अशा पत्राचे मोल नकारातही मोठे वाटले असणार. तथापि, ज्या अभिरुचीतून ही पत्रे लिहिली जात, तिच्यात न बसणाऱ्या भाषेचे काय, हा प्रश्न उरतोच. १९६९ साली काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. ‘शब्द’पासून (१९५५) सुरू झालेली लघुनियतकालिके आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी संपादकाच्या दारात ताटकळण्याऐवजी निराळे दारच उघडले. दलित साहित्याच्या दृष्टीने ‘अस्मितादर्श’चे हे कार्य, पुनर्लेखन सुचविणाऱ्या कोणत्याही पत्रापेक्षा अधिक मोलाचे ठरले.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. अभ्यासकापुढील अडचण मात्र त्या तिकीट लावलेल्या पाकिटातच आहे: नाकारलेली हस्तलिखिते लेखकांकडे परत गेल्यामुळे, संपादकाने काय स्वीकारले ते छापील अंकांतून कळते, काय नाकारले आणि का, याचा शोध लेखकांच्या घरातील जुन्या ट्रंकांतच घ्यावा लागतो.