दोन संगणकांचा एक



शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आमच्या अभ्यासवर्गांना यंदा दोन जुने संगणक भेट मिळाले. दौंडहून आलेल्याची हार्ड डिस्क निकामी होती. रांजणगावहून आलेला त्याहून नवा, पण त्याचा मदरबोर्ड जळलेला. इकडे पारधी वस्तीवरच्या दहावी झालेल्या मुलींचे अकरावीचे अर्ज भरायचे होते. २०२५ पासून ही प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आहे. म्हणून दोहोंचा एक करायला बसलो. त्यातून जे शिकलो ते येथे देतो.

१. आधी विजेची वायर काढावी, मगच डबा उघडावा. सुटे भाग हाती घेण्यापूर्वी डब्याच्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

२. रॅमची अदलाबदल होईलच असे नाही. जुनी डीडीआर ३ साधारण १.५ व्होल्टवर चालते, नवी डीडीआर ४ ही १.२ व्होल्टवर. दोघींची खाचही वेगळ्या जागी असते. घाईत मी नवी रॅम दाबून बसवू पाहिली. खाच अडली म्हणून नुकसान टळले. जुन्या मदरबोर्डला जुनीच रॅम ठेवावी.

३. साटा जोडणीची एसएसडी मात्र जुन्यातही चालते. नव्या संगणकातली तीच काढून जुन्यात बसवली.

४. मदरबोर्ड जळालेल्या संगणकाचा पॉवर सप्लाय वापरू नये. दोष त्याचाही असू शकतो.

५. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा गोल सेल बदलावा. तो संपला की तारीख मागे जाते आणि अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत. आमचे घोडे आधी इथेच अडले होते.

६. डिस्कवरची देणाऱ्याची माहिती पूर्ण पुसावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; म्हणून आम्ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घातली.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, असे प्रभूने म्हटले आहे. संगणकाला ते लावता येते, पण काय कशाला जुळते हे आधी पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला. पहिला अर्ज मी भरला नाही. वस्तीवरच्या मुलीने स्वतःच्या हाताने भरला.

आपल्याकडचा बंद संगणकही आम्हाला चालेल. फक्त काय बिघडले आहे, तेवढे चिठ्ठीवर लिहून द्या.