यकृताचा विकार आणि जठरातील फुगलेल्या शिरा : रक्तस्रावापूर्वीची दक्षता

अतिमद्यपान, ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचा दीर्घकालीन संसर्ग किंवा यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृतात तंतू वाढून ते कठीण होते. यास यकृत सूत्रण रोग किंवा सिऱ्होसिस म्हणतात. आतडी व प्लीहा यांतील रक्त प्रवेशिका नीलेतून यकृतात येते. यकृत कठीण झाले की ही वाट अडते, नीलेतील दाब वाढतो आणि रक्त अन्ननलिका व जठर यांच्या शिरांतून आडवाटेने परतू लागते. त्यामुळे या शिरा फुगतात.

हा फुगवटा दुखत नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच हेच पुष्कळदा त्याचे पहिले लक्षण ठरते. जठरातील शिरा अन्ननलिकेतील शिरांपेक्षा कमी वेळा फुटतात. परंतु फुटल्यास रक्तस्राव अधिक तीव्र असतो. म्हणूनच उपचाराची खरी वेळ रक्तस्रावापूर्वीची होय.

त्यासाठी एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी, उपयोगी पडते. डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये मांडलेले या शिरांचे वर्गीकरण आज जगभर वापरले जाते. प्रोप्रॅनोलॉल व कार्व्हेडिलॉल या गोळ्या प्रवेशिका नीलेतील दाब कमी करतात. अन्ननलिकेतील मोठ्या शिरांना रबरी कडी घालता येते. जठरातील मोठ्या शिरांत सायनोॲक्रिलेट हा चिकट द्रव टोचून त्या बंद करतात. दिल्लीतील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या शिरा असूनही पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत, केवळ गोळ्यांपेक्षा या उपायाने रक्तस्राव कमी आढळला. तथापि कोणास कोणता उपचार योग्य, हे तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते. दम्याच्या रुग्णांस या गोळ्या सहसा देत नाहीत. चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करणेही धोक्याचे असते.

या कामी गावाचाही वाटा आहे. पोट फुगणे, पायांवर सूज, वारंवार कावीळ अशी लक्षणे असणाऱ्यांस शिक्षक व पंचायत सदस्यांनी रुग्णालयात जाण्यास प्रवृत्त करावे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ‘ब’ व ‘क’ काविळीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. यकृताच्या रुग्णाने मद्य पूर्णतः वर्ज्य करावे व वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. रक्ताची उलटी झाल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.