गावाकडे ट्रकचा अपघात झाला तर : परदेशी नव्याने आलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी

आईवडील मूल, राजुरा, आष्टीकडे राहत असतील तर इथे घर लावता लावता तिथल्या रस्त्यांचाही विचार करून ठेवा. कोळसा, सिमेंट, लाकूड यांचे ट्रक आपल्याकडे पूर्वीपासूनच. २०२१ मध्ये सुरजागडचे उत्खनन पुन्हा सुरू झाल्यावर आलापल्ली-आष्टी मार्गावर लोहखनिजाचे ट्रकही वाढले. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ लाकडाचा ट्रक आणि डिझेलचा टँकर धडकून नऊ जण जळून गेले. म्हणूनच इथली जुनी घरे नव्यांना पहिल्याच भेटीत हे सांगतात.

घरच्यांना आजच बजावून ठेवा : १०८ ला फोन केला की लगेच ट्रकच्या नंबरचा फोटो घ्यायचा. नंबरावरून विमा कंपनी सापडते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण भरपाई मागता येते. ट्रक पळाला आणि शेवटपर्यंत सापडलाच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये, एवढेच मिळतात.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना मुदतीची माहिती नसते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. तेरवी आटोपून परत यायचे आणि ‘पुढच्या सुट्टीत वकील पाहू’ म्हणायचे, यात ते महिने निघून जातात. जाऊन आलात तर एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घेऊनच परता. जाणे जमलेच नाही तर भावाबहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करून ते वकिलातीत साक्षांकित करा. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे, हे विसरू नका. दावा अपघाताच्या जिल्ह्यातच लावावा असे नाही. दावेदार नागपूरला राहत असेल तर नागपुरातही चालतो.

आणखी एक, आणि हे अगदी कळकळीने. ट्रकमालकाची माणसे दुःखाच्या दिवसांत रोख रक्कम घेऊन घरी येतात आणि कागदावर सही मागतात. वकिलाने कागद वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये. आलेल्या माणसाशी भांडू नका, चहा द्या, पण सही नाही.

अमेरिकेत वकील भरपाईतला हिस्सा घेऊन खटला लढतो. भारतात वकिलाला तसे करायला मनाई आहे. टक्केवारी मागणारा वकील टाळा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गावातली आई स्वतः अर्ज करू शकते.

भरपाई दावेदाराच्या खात्यात जमा होते. आईच्या एकटीच्या नावाचे बँक खाते नसेल, तर पुढच्या सुट्टीत ते उघडून द्या.