जुनाट कंबरदुखीचीं औषधें : डॉक्टरांशीं काय बोलावें

नरखेड तालुक्यांतील आमचे बहुतेक शेतकरी बंधु संत्र्याच्या बागा व कापूस यांवर निर्वाह करतात. आळीं करणें, खत वाहणें, संत्र्यांनीं भरलेल्या पेट्या गाडींत चढविणें, दिवसभर वांकून कापूस वेंचणें, या सर्वांचा भार अखेर कंबरेवर येतो. कंबर धरली कीं दुकानांतून दोन गोळ्या आणाव्या व काम चालूं ठेवावें, ही रीत घरोघर आहे. चार दिवसांच्या दुखण्यास ती निभावून जाते. परंतु तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास जुनाट म्हणतात, व त्याचें औषध डॉक्टरांशीं सविस्तर बोलूनच ठरवावें.

पहिला वर्ग आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या औषधांचा. शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें वेदना व सूज वाढवितात. त्यांची उत्पत्ति हीं औषधें रोखतात. ॲस्पिरिनसारख्या औषधांचें हें कार्य जॉन व्हेन यांनीं १९७१ मध्यें दाखविलें. परंतु हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून महिनोन् महिने गोळ्या घेतल्यास जठरांत व्रण होण्याचा व मूत्रपिंड बिघडण्याचा संभव असतो. वैशाखाच्या उन्हांत घाम गळून शरीर कोरडें पडलें असतां हा धोका अधिक. डायक्लोफिनॅक दिलेल्या मृत जनावरांचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, म्हणून २००६ मध्यें जनावरांकरितां त्या औषधावर बंदी आली. मनुष्य गिधाडाइतका नाजूक नाहीं. तरी इशारा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पॅरासिटॅमॉल जठरास सौम्य, पण जुनाट कंबरदुखीवर त्याचा गुण थोडा. मात्रा वाढल्यास यकृतास अपाय होतो. कित्येक मिश्र गोळ्यांत तें असतेंच, त्यामुळें नकळत दुप्पट मात्रा पोटांत जाते. ट्रॅमाडॉल हें अफूच्या धर्तीचें औषध. त्याची संवय जडते. २०१८ मध्यें तें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें गेलें. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें अशा औषधांचा जुनाट कंबरदुखींत वापर करूं नये, असें सुचविलें. व्यायाम व योग्य माहिती यांस मात्र महत्त्वाचें स्थान दिलें. बिननांवाच्या पुड्यांपासून तर दूरच रहावें. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलें असल्यास आराम तत्काळ वाटतो, परंतु पुढें रक्तांतील साखर वाढते व हाडें ठिसूळ होतात.

महसूल खात्यांत एक नियम पक्का असे : कागदावांचून बोलणें व्यर्थ. तोच येथें लागू करावा. दुखणें केव्हांपासून, कोणत्या कामानें वाढतें, पायांत उतरतें कीं नाहीं, हें लिहून न्यावें. चालूं असलेल्या सर्व गोळ्यांचीं पाकिटें, काढे व भस्में सुद्धां, बरोबर घ्यावीं. रक्तदाब, मधुमेह, दमा, जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारें औषध, यांपैकीं जें असेल तें आपण होऊन सांगावें. मग विचारावें : हें औषध कशासाठीं? किती दिवस घ्यावयाचें? जेवणापूर्वीं कीं नंतर? गुण न आल्यास पुढें काय? रक्ततपासणी केव्हां? कोणता व्यायाम करावा? खर्च झेपत नसेल तर तेंही सांगावें. त्याच द्रव्याचें स्वस्त जेनेरिक औषध बहुधा मिळतें.

लघवी किंवा शौच यांवरील ताबा सुटणें, गुह्यभाग बधिर होणें, पायांतील शक्ति जाणें, अशा वेळीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ताप, वजन घटणें, पडल्यानंतरचें दुखणें, रात्रीं झोंप न येऊं देणारी वेदना, हींही त्वरित दाखवावीं. मणक्याचा क्षयही कंबरदुखीचें रूप घेतो. काळी विष्ठा झाल्यास गोळी थांबवून लागलीच डॉक्टरांकडे जावें.

बाग वाळूं लागली तर आपण आधीं मूळ उकरून पाहतों, केवळ पानांवर फवारा मारून स्वस्थ बसत नाहीं. आपल्या शरीराविषयींही तितकीच चौकशी असावी.